सुदामकाकांचं नवं पोट

"हळू बोल. लहाना आत्ताच झोपला हाय."

सुदामकाका माझ्या दुकानाच्या काउंटरपाशी येऊन असं म्हणाले, तेव्हा मी आधी त्यांच्या कडेवर पाहिलं, मग त्यांच्या मागे, मग रस्त्यावर. लहान मूल कुठेच नव्हतं. काकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने शर्टाच्या मधल्या बटणाखालची जागा हळूच थोपटली.

"इथं," ते कुजबुजले. "सकायपासून रडून राह्यलता. दोन चमचे ताक पाजलं, मंग झोपला."

लहाना म्हणजे त्यांचं पोट. नवं पोट. नागपूरच्या डॉक्टरांनी जुन्या पोटाचा मोठा भाग कापून काढला होता आणि केळ्याएवढी एक नळी तेवढी आत ठेवली होती. वजन उतरवायचं ऑपरेशन. दारव्ह्यात तोवर असं काही कुणाचं झालेलं आम्ही ऐकलं नव्हतं. दुसरा एखादा महिनाभर तोंड लपवून घरात बसला असता. काका टाके वाळताच गावभर पोटाची ओळख करून देत फिरायला लागले. जुन्या पोटाला ते आदराने 'मोठे साहेब' म्हणत. "मोठे साहेब रिटायर झाले बाप्पा. आता लहाना ड्यूटीवर हाय. नवा हाय, सांभाळून घ्या."

माझं दारव्ह्याला मेडिकलचं दुकान आहे आणि काकांचं घर आमच्या घराला भिंत लावून. त्यामुळे मोठ्या साहेबांचा काळही मी जवळून पाहिला आहे.

काका पाटबंधारे खात्यात होते. कालव्याचं पाणी कुठल्या शेताला कधी सोडायचं हे पाहायला नोकरीभर गावोगाव फिरले. दारव्हा, बोरी अरब, नेर, मधली सगळी खेडी. पाणी देणारा माणूस म्हणून ओळख झाली आणि जेवणारा माणूस म्हणून कीर्ती झाली. लग्न, बारसं, तेराव्या दिवसाची तेरवी, काही असो, काकांना बोलावणं असायचंच. सकाळी एका गावाहून वांग्याच्या भाजीवर ताव मारून आलेले काका दुपारी दुसऱ्या गावच्या पंगतीत मांडी घालून बसलेले दिसायचे.

आणि ते नुसते खायचे नाहीत. पहिला घास तोंडात गेला की डोळे मिटायचे. आजूबाजूचे लोक आपोआप थांबायचे. काका सावकाश चावायचे, गिळायचे, आणि मग मांडीवर असा काही फटका मारायचे की शेजारच्याच्या द्रोणातलं वरण हिंदकळायचं.

"काय सांगू तुले, बाप्पा! कोन हाय हा कलाकार? समोर आना त्याले!"

मग आचारी हात पुसत समोर यायचा. घामाने निथळलेला, लाजलेला. काका त्याला तिथल्या तिथे सगळ्यांसमोर शाबासकी द्यायचे आणि पुन्हा वाढायला सांगायचे. पुन्हा. आणि पुन्हा. एकदा नेरला पाव्हण्यांनी स्वतःचं जेवण थांबवून त्यांचं बुंदी खाणं पाहिलं. नवरदेवही वाकून पाहत होता म्हणतात.

या सगळ्याचं वजन कुठे तरी जाणारच. आमच्या दुकानातला वजनकाटा त्यांच्या पायाखाली गोल फिरून पुन्हा सुरुवातीला यायचा. एकदा एका मित्राच्या कापसाची गाडी जिनिंगच्या मोठ्या काट्यावर लागली असताना काका गप्पा मारत गाडीवरच बसून राहिले आणि व्यापाऱ्याने कापसाची पावती हातात घेऊन बराच वेळ डोकं खाजवलं. बोरीची जीप भरताना ड्रायव्हर हात जोडायचा. "काका, तुमी मागच्या जीपनं या. पुरी तुमचीच समजा."

काका हसायचे, पण शांताकाकू हसत नव्हत्या. काकांचे गुडघे गेले होते. साखर वाढली होती. झोपेत त्यांचा श्वास अडकायचा आणि काकू त्यांना हलवून जागं करायच्या. शेवटी नागपूरला असणारी मुलगी, वर्षा, आली आणि बापाला गाडीत घालून घेऊन गेली. दिवाळी नुकतीच झाली होती. त्याच वर्षी बोंडअळीने आमच्याकडचा कापूस आतून पोखरून टाकला होता. बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत किडा आणि डाग. सगळ्या तालुक्याचा चेहरा उतरलेला होता. अशा दिवसांत काका नागपूरहून परत आले ते नव्या नवरदेवासारखे चमकत!

"आता असली कसरत सुरू होते बाप्पा," त्यांनी मला दुकानात येऊन सांगितलं. "डॉक्टर म्हनते, लहान्याच्या अंगात जागा नाही. चार घासांत त्याचं भरते. मंग अंगाले ताकद कोठून भेटन? तं प्रोटीन पायजे. रोज. पावडरचं. नाही घेतलं तं केस जाईन, मांस जाईन, चक्कर येईन. आन, कोनता डबा हाय तुह्याकडे?"

माझ्याकडे तेव्हा एकच होता, चॉकलेटचा. तालमीतली पोरं घ्यायची. काका तो घेऊन उड्या मारत गेले म्हटलं तरी चालेल. तासाभराने डबा परत.

"लहान्यानं थुकलं."

"काका, औषध समजून प्या."

"अरे, चॉकलेटमध्ये कोनं चुना कालवला काय!"

इथून जे सुरू झालं ते आमची गल्ली विसरणार नाही. काकांनी अमरावतीहून डबे मागवले, यवतमाळहून मागवले, वर्षाकडून नागपूरहून मागवले. प्रत्येक डबा ओट्यावर वाजतगाजत उघडला जाई. जाणाऱ्यायेणाऱ्याला थांबवून चमचाभर चाखायला लावत. दूधवाला, पोस्टमन, शाळेच्या बाई, कुणाची सुटका नव्हती. व्हॅनिलाला काका म्हणाले, "अगरबत्ती पेटवल्यावानी वाटते." स्ट्रॉबेरीला, "हे तं खोडरबर हाय. शाळेत चावलं होतं म्या." केशर-पिस्ता पिऊन बराच वेळ विचारात पडले आणि मग म्हणाले, "लग्नातल्या सरबतात कोनीतरी भिताडाचा रंग कालवला, बाप्पा." पोस्टमनला मात्र केशर-पिस्ता फार आवडला. तो उगाचच रिकाम्या हातानेही आमच्या गल्लीतून जायला लागला.

मध्येच तालमीतल्या एका पोराच्या सांगण्यावरून काकांनी अंगावर मांस चढवायचा भला मोठा डबा आणला. मी तेव्हा दुकानात नव्हतो. आलो तेव्हा काका बाकावर घामाने चिंब होऊन बसले होते, छाती धडधडत होती आणि काकू पदराने वारा घालत होत्या.

मी डब्यावरची माहिती वाचली आणि कपाळावर हात मारला. "काका, यात अर्ध्याच्या वर साखर हाय! तुमचं पोट आता नळीसारखं. साखर आली की ते सरळ खाली आतड्यात ढकलून देते. मंग असाच घाम सुटते."

"अस्सं!" काका धापा टाकत, पण डोळे चमकावत म्हणाले. "म्हंजे लहान्याले गोड चालत नाही! पाह्य शांते, पोट्टं कोनावर गेलं?"

त्या दिवसापासून मी त्यांना डबा वाचायला शिकवलं. आधी प्रोटीन किती ते पाहायचं, मग साखर किती. दुधाच्या निवळीपासून केलेली पावडर असेल तर जास्त गाळलेली घ्यायची, म्हणजे दुधातली साखर निघून जाते आणि पोट फुगत नाही. काका चष्मा नाकाच्या टोकावर आणून डब्याची पाठ अशी वाचायचे की जणू मुलीसाठी स्थळ पाहत आहेत. मग त्यांना सोयाबीन आठवलं. "आपल्या बाजारात सोयाबीनचे डोंगर लागतेत अन् आपन नागपूरले जाऊन राह्यलो!" सोयाबीन भाजून, दळून, ताकात कालवून प्यायले. रात्री आमच्या सामायिक भिंतीतून आवाज येत होते. सकाळी काकूंनी एवढंच सांगितलं, "लहान्यानं बँड लावला होता."

आम्ही पोट धरधरून हसत होतो. पण इकडे काकांचे केस कंगव्यात यायला लागले. गाल बसले. शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला. एका आठवडी बाजाराच्या दिवशी काका मेथीच्या ढिगापाशी उभे असताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते खाली बसले. भाजी विकायला बसलेल्या यमुनाबाईने त्यांना सावलीत नेऊन पाणी पाजलं. रक्त तपासलं तर प्रोटीन खूप खाली आलेलं. नागपूरच्या दवाखान्यात आहार ठरवून देणाऱ्या बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं की, असंच चाललं तर त्यांना पुन्हा भरती करावं लागेल, सलाइन लावावं लागेल.

काकू माझ्या दुकानात आल्या. काउंटरवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तू काहीबी दे रे. कोनताही दे. मी नाक दाबून पाजीन त्याले."

"काकू, ते पीतच नाही. प्रत्येकात खोड काढते."

"जिंदगीभर जिभेनं जगला हा मानूस," काकू म्हणाल्या. "आता जीव जाईन, पन जीभ नाही सोडत."

मी संध्याकाळी काकांकडे गेलो. बाजेवर पडले होते. मला पाहून उठून बसले, उत्साह तोच, अंग मात्र अर्धं.

"काका, चॉकलेटचा नवा डबा आला हाय. चांगला हाय. साखर नाही. आता नखरे करू नका."

"नखरे नाही बाप्पा. एक सांग मले. बिनचवीची पावडर भेटते का?"

"बिनचवीची?"

"जिले चवच नाही अशी. पान्यासारखी. वरनात टाकली तं वरनच लागलं पायजे. ताकात टाकली तं ताक."

"पण कायले? चॉकलेट प्या, व्हॅनिला प्या, दोन मिनिटांचा प्रश्न हाय."

"दोन मिनिटांचा नाही. ते गोड दिवसभर जिभेवर चिकटून राह्यते. मंग दुसऱ्याच्या घरचं काय लागते ते समजतच नाही." काका बाजेवर पुढे सरकले. "मले समजलं पायजे, बाप्पा."

मला वाटलं, खवय्याचा हट्ट. जीव धोक्यात आहे आणि हे चव शोधतात. पण नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. मी नागपूरच्या होलसेलवाल्याला फोन केला. अशी पावडर मिळते म्हणाला, पण ती कोणी मागत नाही, मागवावी लागेल. ती ट्रॅव्हल्सने यायची होती. त्या दिवशी काका बसस्टँडवर सकाळपासून जाऊन बसले होते. मुलगी पहिल्यांदा माहेरी येताना बाप बसतो तसे!

डबा पांढरा होता, त्यावर चित्रही नव्हतं. काकूंनी गरम वरण आणलं. काकांनी चमचाभर पावडर टाकली. क्षणात वरणात दह्यासारख्या गुठळ्या झाल्या. काकांचा चेहरा पडला. मी घाईने आहाराच्या बाईंना फोन लावला.

"उकळतं वरण घेतलं असेल," त्या हसल्या. "कोमट करा. पावडर आधी थोड्या पाण्यात फेटा, मग घाला."

दुसरी वाटी. काकांनी फुंकर घालून घालून वरण निववलं. पावडर वेगळ्या वाटीत फेटली. हळूच सोडली. ढवळली. आम्ही तिघं त्या वाटीवर वाकलो होतो. गुठळी नाही. काकांनी चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले. चावायला काही नव्हतं, तरी चावले. गिळलं. आम्ही लहान्याची वाट पाहत बसलो. काकूंच्या ओठांची हालचाल चालली होती, बहुतेक देवाचं नाव.

काकांनी मांडीवर फटका मारला.

"काय सांगू तुले, बाप्पा! वरनच हाय! निव्वळ वरन! शांते, तू हिंग जास्त टाकला!"

"टाकला व माय, टाकला!" म्हणून काकू रडायला लागल्या आणि हसायलाही. मीही बाजेवर बसलो.

पुढच्या महिन्यांत काका भरत गेले. केस गळायचे थांबले, चालणं तडफदार झालं. जिथे जातील तिथे खिशात पावडरची पुडी आणि हातात झाकणाची बाटली. लहाना आता मोठा होतो आहे, शाळेत घालायचा आहे, असं सांगत फिरत.

पण लग्नसराई सुरू झाली आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काकांकडे पत्रिका येत नव्हत्या.

त्या वर्षी मांडव आधीच लहान झाले होते. कापूस गेल्यावर लोकांनी पंगती आटोपत्या घेतल्या, जिलबी तर दिसेनाशीच झाली. तरी लग्नं होत होतीच. आमच्याच गल्लीतून लोक नेरला गेले, बोरीला गेले. काकांना कोणी म्हटलं नाही. कुणाचा वाईट हेतू नव्हता. माझ्यासमोर एकाने म्हटलंच, "त्याइले कायले बोलवाचं? खाता येत नाही, उगाच जीव तळमळन." काका ओट्यावर बसून वऱ्हाडाच्या गाड्या जाताना पाहायचे, हात हलवायचे, मोठ्याने विचारायचे, "कोनाचं लगन हाय रे? भाजी कायची हाय?" आणि गाडी पुढे गेली की बाटलीतून एक घोट घ्यायचे.

मग एक दिवस यमुनाबाई माझ्या दुकानात आली. तीच, बाजारात भाजीचं दुकान लावणारी, बोरी अरबची. तिच्या हातात पत्रिका होती. मुलीचं लग्न ठरलं होतं.

"सुदामकाका येतीन का हो?" तिने मला विचारलं. "आपरेशन झालं म्हनते. त्याइले खाता येत नसन तं नाही खाल्लं. नुसते बसले तरी चालते. पन त्याइले आना. तुमी आना."

"काकांच्या घरी द्या ना पत्रिका."

"मले त्याइच्या तोंडावर कसं म्हनता येईन, जेवाले या म्हून? तुमीच सांगा."

मी काकांना सांगितलं. ते बाजेवरून असे उठले की बाज उलटली.

"कोनत्या दिवशी? कपडे शिवा लागते! जुन्या सदऱ्यात माह्यासारखी दोन मानसं मावतीन!"

लग्नाच्या दिवशी आम्ही जीपने बोरीला गेलो. ड्रायव्हरने काकांना ओळखलंच नाही. ओळखल्यावर गाडीतून उतरून पाया पडला. ऊन मी म्हणत होतं. मांडव लहान, पण स्वच्छ. लग्न लागलं आणि पंगत बसली. काकांनी बसायची जागा निवडली ती थेट नवरदेवाच्या मामाशेजारी. मामा नेरचे, अंगात सफारी, हातात जाड अंगठी. मी समोरच्या ओळीत होतो.

पत्रावळीवर वांग्याची भाजी, पोळी, भात, वरण आणि चिमूटभर बुंदी पडली. मामांनी पत्रावळीकडे पाहिलं, मग शेजाऱ्याकडे.

"हे काय हो? वरन अन् वांगं? आमी काय तेरवीले आलो?"

मोठ्याने म्हणाले. ओळभर माणसं थांबली. कुणी पोळीला हात लावेना. मांडवाच्या खांबापाशी यमुनाबाई उभी होती. तिने पदर तोंडाशी नेला.

काकांनी खिशातून पुडी काढली. बाटली काढली. पाण्यात पावडर टाकून ती खडखड हलवली आणि द्रोणातल्या वरणात सोडली. आता ओळच काय, मांडवच काकांकडे पाहायला लागला. मामाही.

"हे काय टाकलं तुमी?"

"थांबा," काका म्हणाले. "आधी घास घेऊ द्या."

घास तोंडात गेला. डोळे मिटले. मीही माझ्या द्रोणातलं वरण चाखलं. वरणात मीठ नव्हतं. अजिबात नव्हतं. घाईत मीठ घालायचं एकाने दुसऱ्यावर सोडलं असावं आणि वरणाचं ते भलं मोठं पातेलं तसंच पंगतीत आलं होतं. आता मामा हे तोंडात घालणार!

काका नेहमीपेक्षा जास्त वेळ चावत होते. मग मांडीवर फटका बसला.

"काय सांगू तुमाले, मामा! नागपूरच्या डॉक्टरनं मले सांगतलं होतं, असं वरन कोठं भेटत नाही म्हून! मीठ आना रे! मीठ वेगळं आना!"

"मीठ?" मामा म्हणाले.

"बीपी हाय का तुमाले?"

मामा जरा चपापले. "हाय थोडा."

"मंग! डॉक्टर लोक काय म्हनते? मीठ ज्याचं त्यानं आपल्या मानानं घ्यावं. सगळ्याइच्या अंगाचा इचार करून इथं वरन अळणी ठेवलं हाय. एवढा इचार मोठ्या मोठ्या हॉलमध्ये कोनी करते काय? माहं पोट पाहा, मामा." काकांनी सदरा वर केला. ऑपरेशनच्या बारीक खुणा मांडवाने पाहिल्या. "कापलेलं हाय. या पोटात मी काहीबी नाही घालत. कोन हाय हा कलाकार? समोर आना त्याले!"

तोवर मीठ आलं होतं. एक म्हातारा हसला, मग सगळी ओळ हसली. मीठ हातोहात फिरलं. मामांनी चिमूटभर घेतलं, कालवलं, घास घेतला. नंतर त्यांनी वरण पुन्हा मागितलं. त्यांच्या शेजाऱ्यानेही मागितलं. वांग्याची भाजी तर खरोखरच झकास होती, ती संपत आली. वाढणाऱ्या बायांचे पाय एकदम हलके झाल्यासारखे ओळींतून पळायला लागले.

हात धुताना यमुनाबाई माझ्याशेजारी आली. मीठ राहून गेलं होतं हे तिला कळलेलंच नव्हतं; काका म्हणाले तसं वरण मुद्दामच अळणी ठेवलं, असं ती समजली होती. डोळे ओले होते, पण चेहरा फुललेला.

"माह्या लग्नातबी असंच झालं होतं," ती म्हणाली. "त्याही साली कापूस गेलता. माह्या बापानं भाकर अन् भाजी केली, बस. पाव्हणे उठून चालले होते. काका तवा जवान होते, पान्यावरचे साहेब. पंगतीत बसले अन् खात गेले, खात गेले, वा वा करत गेले. पाव्हण्याइले उठताच आलं नाही." तिने डोळे पुसले. "आमच्याकडे सगळ्याइले माहीत हाय. ज्याच्या घरी कमी असते तिथं काका जास्त बसते."

मोठमोठ्या व्यापाऱ्यांच्या लग्नांत मी काकांबरोबर गेलो होतो. तिथे ते दोन पोळ्यांत उठायचे, पोट भरलं म्हणायचे. मला ते आजवर ध्यानातच आलं नव्हतं. चव कळली पाहिजे म्हणून त्यांनी जीव पणाला लावला होता. कुणाचं कुठे कमी पडतं, हे त्यांना पहिल्या घासाला समजायला हवं होतं.

परत येताना जीपमध्ये काकांचा चेहरा घामेजला. एक घास जास्त झाला होता, मामांना बरं वाटावं म्हणून. आम्ही जीप थांबवून त्यांना कडुलिंबाच्या सावलीत बसवलं. ते डोळे मिटून बसले.

"काका, वरणात मीठ नव्हतं," मी हळूच म्हटलं.

त्यांनी एक डोळा उघडला. "तुले समजलं?"

"समजलं."

"यमुनेले सांगजो नको. पोरीच्या लग्नातलं वरन तिच्या ध्यानात चांगलंच राह्यलं पायजे."

थोडं बरं वाटल्यावर आम्ही दारव्ह्याला आलो. ऊन उतरलं होतं, गल्लीतली माणसं ओट्यांवर येऊन बसली होती. काकू दारात वाटच पाहत होत्या, हातात कोमट वरणाची वाटी.

"दोन चमचे घेता का?" त्यांनी विचारलं. "सकायपासून पोटात काही नसन."

काका गल्लीच्या मधोमध थांबले. सदरा नीट केला. छाती पुढे काढली आणि पोस्टमनपासून शाळेच्या बाईंपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"कायले व शांते? लग्नातून जेवून आलो!"